एक तास सोबतीचा

मराठीत आपण 'सोबत' हा शब्द इतक्या सहजपणे वापरतो की तो कुठून आला, हा विचार मनात येत नाही. मूळ अरबी शब्द 'सुहबत'. फारसी-उर्दूच्या वाटेनं तो 'सोहबत' होऊन आपल्याकडे आला आणि मराठीत 'सोबत' होऊन कायमचा राहिला. उर्दूत त्याचा अर्थ संगत, सहवास. मराठीनं त्याला आणखी एक छटा दिली. रात्रीच्या वेळी कुणी एकटं निघालं, तर घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, 'सोबत घेऊन जा.' सोबतीला येणाऱ्या माणसानं रस्ता बांधायचा नसतो, की ओझं उचलायचं नसतं. त्यानं बरोबर चालायचं असतं, एवढंच. शाळेत मागं पडलेल्या, शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलांना बाहेरच्या माणसांनी स्वेच्छेनं आणि नियमितपणे वेळ देण्याचं जे काम आहे, त्याविषयी आज मला बोलायचं आहे. इंग्रजीत त्याला 'मेंटॉरिंग' म्हणतात. मला त्यासाठी 'सोबत' हाच शब्द जवळचा वाटतो.

'मेंटॉर' हे मुळात एका माणसाचं नाव. होमरच्या 'ओडिसी' या ग्रीक महाकाव्यात राजा ओडिसिअस युद्धावर निघताना आपलं घरदार मेंटॉर नावाच्या जुन्या मित्राच्या हवाली करून जातो. पुढे राजाचा मुलगा टेलेमॅकस मोठा होतो, संकटात सापडतो, तेव्हा अथेना देवी याच मेंटॉरचं रूप घेऊन त्याला धीर देते. बाप घरी नाही आणि घर अडचणीत आहे, अशा वेळी मुलाच्या पाठीशी उभं राहिलेलं, रक्ताचं नातं नसलेलं एक मोठं माणूस, असा त्या नावाचा अर्थ झाला. आपल्याकडे महाविद्यालयांत 'गुरू-पालक' असा शब्द याच कल्पनेसाठी वापरतात. पण तिथं तो शिक्षकच असतो, आणि त्याच्याकडे वीस-पंचवीस मुलं असतात. मी बोलतो आहे ते शाळेबाहेरून येणाऱ्या साध्या माणसाबद्दल. तो एका, फार तर दोन मुलांसाठी येतो.

आता ही सोबत कुणाला हवी? शिक्षण खात्याच्या कागदांत 'गळती' असा एक शब्द असतो. छप्पर गळतं, नळ गळतो, तशी शाळेतून मुलं गळतात. शब्द अचूक आहे, कारण गळती एका दिवसात सुरू होत नाही. आधी भिंतीला ओल येते, मग थेंब पडू लागतात. एखाद्या मुलानं शाळा कधी सोडली असं विचारलं, तर घरची माणसं एखादा महिना सांगतात. त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच तो मनानं शाळेबाहेर पडलेला असतो. चौथीत वाचन मागं पडलेलं असतं. पाचवीत गणिताच्या तासाला पोटात दुखू लागतं. सहावीत सोमवार बुडू लागतात. सातवीत तो मागच्या बाकावर भिंतीला टेकून बसतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण तो त्रासही देत नाही. पटावर नाव असतं, एवढंच.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात संशोधकांनी सहावीतल्या मुलांच्या नोंदी पुढं अनेक वर्षं तपासल्या. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शाळा सोडण्याची काही चिन्हं स्पष्ट दिसली. हजेरी ८० टक्क्यांच्या खाली जाणं, गणितात किंवा भाषेत नापास होणं आणि वर्तनाचा शेरा खराब असणं. यातलं एक चिन्ह दिसलं तरी धोका मोठा होता. हे समजायला संशोधकच हवेत असं नाही. कुठल्याही शाळेतल्या जुन्या शिपायाला विचारा, तो यातल्या मुलांची नावं सांगेल. पण अभ्यासाचा उपयोग असा, की धोका दहावीच्या निकालाच्या वेळी नाही, त्याच्या चार वर्षं आधी दिसतो, हे त्यानं आकड्यांत मांडलं. सोबत द्यायची ती तेव्हा.

माझं गाव सोलापूर. इथं मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. बाप यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते, असं घर इथं नवलाचं नाही. विडीचा हिशेब हजारावर असतो. हजार विड्या एका बाईनं एकटीनं वळायच्या म्हणजे दिवस जातो, म्हणून मुलगी शेजारी बसून पानं कापते. आईचं डोकं दुखलं, विड्या जमा करायचा दिवस आला, धाकटं भावंड आजारी पडलं, की मुलीची शाळा बुडते. मुलगा असेल तर तो दुपारनंतर गॅरेजवर, चहाच्या गाड्यावर किंवा शिलाईच्या कारखान्यात बटणं लावायला जातो. यातल्या कुणाही आईबापाला मुलाचं वाईट व्हावं असं वाटत नाही. एका आईनं मला विचारलं होतं, "भाऊ, शिकून काय करणार ही? शेवटी विडीच वळायची ना?" तो प्रश्न तिनं रागानं विचारला नव्हता. तिला खरोखरच उत्तर हवं होतं.

याच्या जोडीला शाळेच्या रचनेतले जिने आहेत. आपल्याकडे अनेक सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत असतात. तिथून पुढं शाळा बदलावी लागते. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे आठवीपर्यंत आहे. नववीच्या दारात त्याचं छत्र संपतं. चौथीनंतर, सातवीनंतर, आठवीनंतर अशा या तीन पायऱ्या. धडधाकट मूल त्या उड्या मारत चढतं. आधीच लंगडत आलेलं मूल नेमकं तिथंच बसकण मारतं.

अशा मुलाला एका बाहेरच्या माणसाच्या येण्यानं काही फरक पडतो का? हा प्रश्न भावनेवर सोडू नये. त्याची उत्तरं शोधली गेली आहेत.

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचा एक कारकून होता. त्याच्यासमोर रोज लहान मुलं आरोपी म्हणून उभी राहत. यातल्या एकेका मुलाशी एकेका सभ्य गृहस्थानं मैत्री करावी, असं आवाहन त्यानं केलं, आणि त्यातून 'बिग ब्रदर्स' ही चळवळ उभी राहिली. पुढं त्यात 'बिग सिस्टर्स' आल्या. नव्वद वर्षांनी या कामाची कसून परीक्षा झाली. आठ शहरांतली १० ते १६ वयाची ९५९ मुलं निवडली गेली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली. निम्म्यांना लगेच मोठा मित्र मिळाला, निम्म्यांना दीड वर्ष थांबावं लागलं. १९९५ मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना मित्र मिळाला, त्यांच्यात शाळेचा दिवस बुडवण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांनी कमी होतं आणि अमली पदार्थांच्या वाटेला पहिल्यांदा जाण्याचं प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी होतं. ही मोठी माणसं काही उपदेश करत नव्हती. महिन्यातून तीनेक वेळा भेटायची, चेंडू खेळायची, बोलायची.

ही गोष्ट इथंच संपली असती तर फार सोपं झालं असतं. पण २००२ मध्ये दोन संशोधक बाईंनी हीच आकडेवारी वेगळ्या नजरेनं पाहिली. ही मैत्री किती दिवस टिकली, त्याप्रमाणे त्यांनी मुलांचे गट पाडले. वर्ष किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांत फायदा सर्वांत जास्त होता. आणि ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतल्या मुलांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधी होता त्यापेक्षाही खाली गेला होता. म्हणजे कुणी आलंच नसतं, तर ही मुलं अधिक बरी राहिली असती. २००७ मध्ये शाळेच्या आवारात चालणाऱ्या सोबतीचा असाच मोठा अभ्यास झाला. तिथं वर्षअखेर अभ्यासात आणि हजेरीत थोडी सुधारणा दिसली. पुढच्या वर्षी बऱ्याच जोड्या मोडल्या, तेव्हा ती सुधारणाही बहुतांशी विरून गेली.

माझ्या दृष्टीनं या सगळ्या विषयाचं मर्म इथं आहे. या कामात औषध म्हणून जे काही आहे, ते माणसाच्या हुशारीत नाही, त्याच्या पुन्हा येण्यात आहे.

आपल्याकडचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या महापालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेनं नव्वदच्या दशकात 'बालसखी' नावाचा कार्यक्रम सुरू केला. वस्तीतलीच, माध्यमिक शाळा शिकलेली एखादी तरुणी शाळेत यायची. तिसरी-चौथीच्या वर्गातली मागं पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि त्यांना अक्षरं, अंक, बेरीज-वजाबाकी पक्की करून द्यायची. तिला थोडंसं मानधन मिळायचं, म्हणून याला निखळ स्वयंसेवा म्हणता येणार नाही. पण ती सरकारी शिक्षिका नव्हती, तिची पदवी नव्हती. मुंबई आणि बडोदा इथल्या या कामाचं मोजमाप अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. यातल्या बॅनर्जी-डफ्लो यांना पुढं २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत तळाशी असलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं तो फायदा बराच ओसरलेला होता, पण पुसून गेला नव्हता.

दुसरा अनुभव उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यातला. तिथं गावातल्या तरुण स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनाचे वर्ग घेतले. जी मुलं आली, ती खरोखर वाचायला शिकली. पण आली किती? शंभरातली जेमतेम आठ. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यातलीही फार थोडी. ज्याला सोबतीची सर्वांत जास्त गरज आहे, तो आपण होऊन दार ठोठावत नाही. म्हणून हे काम शाळेतच, शाळेच्या वेळेला लागून करावं लागतं. मूल निदान तिथं तरी सापडतं.

आता त्या एका तासात काय घडतं ते सांगतो. मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.च्या पुढं शिकलो नाही, शिक्षणशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. आमच्या भागातल्या शाळेत आम्ही नऊजण शनिवारी जातो. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटली की व्हरांड्यात, सर्वांच्या डोळ्यांसमोर, एकेका मुलाबरोबर तासभर बसायचं. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर आहेत, एक नर्स आहे, एस.टी.चे कंडक्टर आहेत, कॉलेजातल्या दोन मुली आहेत. मुलं आम्हाला सर म्हणावं की काका, या घोळात होती. शेवटी मी सगळ्यांचा 'चाचा' झालो आणि कॅशियर 'आजोबा'.

सातवीतला एक मुलगा पहिले पाच शनिवार माझ्याशी हो-नाही एवढंच बोलला. वाचायला दिलेलं पुस्तक तो उलटसुलट करून ठेवून द्यायचा. शाळा सुटल्यावर तो दुचाकीच्या गॅरेजवर जातो, हे मला ठाऊक होतं. सहाव्या शनिवारी मी विचारलं, "गॅरेजवर काय करायलास सध्या?" तेव्हा त्यानं मान वर केली. दहा-अकराचा पाना कुठं लागतो, बारा-तेराचा कुठं, कुठला नट कुठल्या गाडीचा, हे तो अर्धा तास सांगत होता. वहीवरच्या बेरजेत अडखळणारा हा मुलगा तीन गिऱ्हाइकांचं बिल तोंडी करत होता. पुढच्या शनिवारी आम्ही गॅरेजच्या सामानाची यादी लिहायला घेतली. 'प्लग', 'क्लच वायर', 'ब्रेक लायनर' हे त्याचे पहिले शुद्धलेखनाचे शब्द. यादी वाचता आली, मग तिच्याखाली त्यानं दोन वाक्यं लिहिली. वर्षअखेर तो चौथीचं पुस्तक सलग वाचू लागला. सातवीतल्या मुलानं चौथीचं पुस्तक वाचणं ही कुणाला फार मोठी गोष्ट वाटणार नाही. पण त्या वर्षात त्याचे सोमवार बुडणं थांबलं, ही गोष्ट त्याच्या वर्गशिक्षिकेनं मला हजेरीपट दाखवून सांगितली.

दुसरी गोष्ट एका मुलीची. ती सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. जवळपास उर्दू हायस्कूल नव्हतं, म्हणून आठवीला मराठी शाळेत आली. पहिल्या चाचणीत गणितात नापास. आधीच्या शाळेत तिचे गणिताचे गुण चांगले होते. मी तिच्याबरोबर बसलो तेव्हा कोडं उलगडलं. तिला गणित येत होतं, गणिताची मराठी नावं येत नव्हती. ती 'मुसल्लस' शिकली होती, फळ्यावर 'त्रिकोण' होता. 'रकबा' तिला काढता येत होता, प्रश्नात 'क्षेत्रफळ' विचारलं होतं. 'कसर' म्हणजे अपूर्णांक, 'जर्ब' म्हणजे गुणाकार, 'तकसीम' म्हणजे भागाकार, असे शब्द आम्ही एका वहीत दोन रकान्यांत लिहीत गेलो. वजाबाकी आली तेव्हा मी तिला सांगितलं, 'बेटा, यातला "वजा" आणि यातली "बाकी" दोन्ही अरबी-फारसीतून आलेले आहेत. बेरीजही फारसीतूनच आली. म्हणजे तुझे नातेवाईक या शाळेत तुझ्याआधी शेकडो वर्षांपासून येऊन बसले आहेत.' ती खूप हसली. ती वही तिनं पुढं आणखी दोन मुलींना दिली. आमच्या शहरात तेलुगू किंवा कन्नड घरातून येणाऱ्या मुलांनाही हाच अडथळा वेगवेगळ्या शब्दांत येतो. पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकानं प्रत्येकाचा अडथळा नेमका कुठं आहे ते शोधायचं म्हटलं, तर त्याला तेवढा वेळ मिळत नाही. व्हरांड्यात बसलेल्या माणसाकडे तो वेळ असतो.

आणि त्या आईचा प्रश्न? त्याला भाषणानं उत्तर देता येत नाही. आमच्यातल्या नर्सबाई तिच्या घरी गेल्या, स्वतःची आई विड्या वळायची हे त्यांनी सांगितलं, आणि एका परीक्षेची माहिती दिली. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी आर्थिक दुर्बल घटकांची एक राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. दहावीत एखादा विषय राहिला, तर निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा देता येते. ही सोय २०१५ पासून आहे. शाळा सुटलीच असेल, तर १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसता येतं. या गोष्टी शिकलेल्या घरांत सगळ्यांना ठाऊक असतात. ज्या घरात आजवर कुणी आठवीच्या पुढं गेलं नाही, तिथं त्या कुणीतरी जाऊन सांगाव्या लागतात. सोबत देणाऱ्याचं निम्मं काम अशा दारांचे पत्ते सांगण्याचं आहे.

मघाशी मी तीन महिन्यांत तुटणाऱ्या जोड्यांबद्दल बोललो. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एक तरुण मोठ्या उत्साहानं आला. मुलाला चित्रांची वही दिली, किल्ला दाखवायला नेतो म्हणाला. चार शनिवार आला, पाचव्या शनिवारपासून आला नाही. परीक्षा असेल, नोकरी लागली असेल; निरोप मात्र नव्हता. तो मुलगा पुढचे तीन शनिवार व्हरांड्याच्या पायरीवर वही घेऊन बसत होता. नंतर आजोबांनी त्याला आपल्याकडे घेतलं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही किती दिवस येणार?" अशा मुलांना मोठ्या माणसांच्या निघून जाण्याचा अनुभव आधीच पुष्कळ असतो. त्यात आपण आणखी एकाची भर घालायची असेल, तर घरी बसलेलं बरं.

म्हणून आम्ही काही नियम ठरवले आहेत. जून ते एप्रिल असं पूर्ण वर्ष देऊ शकणाऱ्यालाच मूल सोपवायचं. ज्याला तेवढं जमत नाही, त्यानं शाळेचं ग्रंथालय लावावं, एखाद्या दिवशी विज्ञानाचा प्रयोग दाखवावा. त्या कामांत कुणाचं मन अडकत नाही. वार आणि वेळ बदलायची नाही. येणं शक्य नसेल तर आदल्या दिवशी शाळेत निरोप द्यायचा आणि तो मुलापर्यंत पोचला का, हे पाहायचं. जे देता येणार नाही, त्याचं आश्वासन द्यायचं नाही. पैसे आणि महागड्या वस्तू द्यायच्या नाहीत. धर्म आणि पक्ष व्हरांड्याबाहेर चपलांजवळ ठेवायचे. मुलाची दुसऱ्या मुलाशी तुलना करायची नाही. महिन्यातून एकदा वर्गशिक्षकांना भेटायचं, म्हणजे आपण एकीकडे आणि शाळा दुसरीकडे असं ओढत नाही. आणि वर्ष संपताना निरोप नीट घ्यायचा: काय शिकलो, पुढं काय करायचं, पुन्हा कधी भेटू, हे बोलून.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल थोडं कडकपणे बोलावं लागेल. दिल्ली सरकारनं ऑक्टोबर २०२१ मध्ये नववी ते बारावीच्या मुलांसाठी फोनवरून मार्गदर्शन करणाऱ्या स्वयंसेवकांची एक मोठी योजना सुरू केली होती. काही महिन्यांतच, अनोळखी माणसांकडे मुलं सोपवताना पुरेशी पडताळणी झाली आहे का, असा आक्षेप राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगानं घेतला. त्यातल्या राजकारणात मी जात नाही, पण प्रश्न रास्त आहे. चांगल्या कामाच्या आडोशानं वाईट माणूसही शाळेत शिरू शकतो. म्हणून मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमती, स्वयंसेवकाची ओळखपत्रं आणि चौकशी, हे सगळं आधी व्हायला हवं. बसायचं ते उघड्यावर. मुलाला एकट्याला घरी किंवा गाडीवर न्यायचं नाही. या अटींचा ज्याला राग येईल, त्याला हे काम देऊ नये. आणि मुलानं कधी मारहाणीची, अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर ती आपल्यापाशी ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं प्रत्येकाचं कर्तव्य आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, तो मुलांनाही पाठ करून द्यावा.

या कामाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. शनिवारच्या एका तासानं शिक्षकाची रिकामी जागा भरत नाही, सातवीनंतरची शाळा गावात येत नाही, विडीचा दर वाढत नाही. आमच्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबं येतात. त्यांच्या मुलांना गावीच राहून शिकता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं लागतात. महाराष्ट्रात २०१७च्या सुमारास 'बालरक्षक' म्हणून पुढं आलेल्या शिक्षकांनी स्वेच्छेनं अशी मुलं शोधून शाळेत आणली, हे फार मोलाचं काम आहे. पण वसतिगृह चालवणं ही सरकारचीच जबाबदारी आहे. स्वयंसेवक मिळतात म्हणून शिक्षक नेमायचे नाहीत, असं कुणी म्हणू लागलं, तर सर्वांत आधी आपणच विरोध करायला हवा. कायद्यानं मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. सोबत ही त्या हक्काच्या वर द्यायची गोष्ट आहे, त्याच्या बदल्यात द्यायची नाही.

तरीही या एका तासाची किंमत मी कमी मानत नाही. आपण आज आलो की नाही हे कुणाच्या तरी लक्षात येतं, ही जाणीव मुलाला शाळेशी बांधून ठेवते. चांगल्या घरात ती जाणीव आई देते, आजी देते, शेजारीण देते. ज्या घरात सगळेच पोटामागं धावत असतात, तिथं माया कमी नसते, पण विचारायला सवड नसते. तेवढी सवड आपल्यातल्या पुष्कळांकडे आहे. निवृत्त झालेल्यांकडे आहे, घरची मुलं मोठी झालेल्या बायकांकडे आहे, आणि मनावर घेतलं तर माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्यांकडेही आहे.

आपल्या घराजवळ एखादी महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा असेलच. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. 'मी काय शिकवू?' असं विचारू नका; 'कुणाची हजेरी कमी होत चालली आहे?' असं विचारा. ते दहा नावं सांगतील. त्यांतलं एकच घ्या. मग घरी या, भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि एप्रिलपर्यंतचे सगळे शनिवार मोजा. लग्नकार्य, सणवार, आजारपण वजा करून जेवढे उरतील तेवढे देता येतील का, हे शांतपणे ठरवा. येत असतील, तर पहिल्या शनिवारी जा आणि त्या मुलाला सांगा की पुढच्या शनिवारीही याच वेळेला मी इथंच असेन.